साभार परत, पण कारण कुठे आहे?

आमच्या कथासंग्रहाचे बाड चौदा महिन्यांनी परत आले. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वैभववाडीतून ते गेले तेव्हा पावसाळा तोंडावर होता. परत आले तेव्हा पुढच्या वर्षीची भातलावणी चालू होती. पोस्टमनने शाळेच्या व्हरांड्यातूनच आवाज दिला, "सर, तुमचा पार्सल परत इला हां!" सातवीचा वर्ग ऐकत होता. मुलांना वाटले, सरांना काहीतरी भेट आली.

पाकिटात छापील चार ओळी होत्या. आपले लेखन आमच्या प्रकाशनाच्या धोरणात बसत नाही, तरी राग नसावा, लोभ असावा. सही नाही, तारखेची जागा कोरी. या चार ओळींवर आम्ही लेख लिहिला नसता. नकार येणारच. लिहिणाऱ्याने तेवढे कातडे जाड करून घेतलेले असते. पण बाडाच्या समासात कुणाची तरी पेन्सिल फिरली होती, आणि ती खोडून टाकायचे राहून गेले होते. त्या पेन्सिलीने आम्हाला जे सांगितले ते त्या पत्राने सांगितले नाही. हा लेख पेन्सिलीबद्दल आहे.

'फुफी' या शब्दाला गोल. 'सेहरी'ला गोल. 'वुजू', 'जनाजा', 'खाला', सगळ्यांना गोल आणि बाजूला 'तळटीप?' तिसरी कथा दोन भावांच्या काजूच्या बागेवरून झालेल्या तंट्याची आहे. बांध कुणी सरकवला, मोजणीवाला कुणाकडे जेवला, आणि बापाच्या चाळिसाव्यालाही दोघे कसे बोलले नाहीत, एवढीच ती गोष्ट. तिच्या शेवटी पेन्सिलीने लिहिले होते, 'यात मुस्लिम प्रश्न कुठे आहे?' आणि त्रेचाळिसाव्या पानानंतर पेन्सिल थांबली. पुढची एकशे दहा पाने कोरीच आली. म्हणजे चौदा महिन्यांत आमची त्रेचाळीस पाने वाचून झाली. आणि बांधाचा तंटा हा मुसलमानांचा प्रश्न नसतो, असे ठरले.

कोकणात येऊन पाहावे. आमच्या तालुक्यातला मुसलमान तलाकपेक्षा बांधावरून जास्त वेळा तहसील कचेरीत जातो.

पुस्तक छापायचे की नाही हे कसे ठरते, याबद्दल आपल्या बहुतेक लिहिणाऱ्यांच्या मनात एक चित्र असते. एक गंभीर चेहऱ्याचा विद्वान चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, मग दोन पानी अभिप्राय लिहितो, मग संपादक मंडळ बसते. असे घडत नाही असे आम्ही म्हणत नाही. काही ठिकाणी घडते. पण बहुतेक मराठी प्रकाशनगृहे म्हणजे दोन खोल्या, एक मालक, एक हिशेबनीस आणि पुस्तके बांधणारा एक मुलगा. बाडे कपाटावर साठतात. त्यातली काही मालक स्वतः चाळतो, काही ओळखीच्या निवृत्त प्राध्यापकाकडे पाठवतो. मानधन अगदी थोडे, कधी नुसती पुस्तकांची भेट. अभिप्राय फोनवर. 'ठीक आहे, पण आपल्याकडे चालणार नाही' एवढ्यात निकाल. कागदावर काही उरत नाही.

आणि 'चालणार नाही' म्हणजे काय, तेही समजून घेतले पाहिजे. प्रकाशकाच्या डोक्यात त्या क्षणी सार्वजनिक ग्रंथालये असतात. १९६७ च्या कायद्याखाली राज्यात ११ ते १२ हजार शासनमान्य ग्रंथालये उभी राहिली, अ, ब, क, ड अशा वर्गांची. किरकोळ गिऱ्हाईक दुकानात येऊन कथासंग्रह विकत घेईल यावर आज कोणी मराठी प्रकाशक घर चालवत नाही. ग्रंथालयाचे अनुदान आले की खरेदी, शासनाच्या यादीत नाव लागले की खरेदी, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजनेत बसले की खरेदी. पूर्वी हजाराची आवृत्ती साधारण समजली जाई. आता तीनशे-पाचशे प्रती काढतानाही हात कापतो. कागद महाग, गोदामाचे भाडे महाग. तेव्हा प्रकाशक आधी एवढेच पाहतो, की तालुक्याच्या वाचनालयाचा ग्रंथपाल हे पुस्तक यादीत टिक करील का? नावाजलेल्या इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद असेल तर करील. शिवचरित्र असेल तर करील. वैभववाडीच्या कुणा उर्दू शाळेच्या मास्तराच्या कथा असतील तर? प्रकाशकाची ही अडचण खोटी नाही आणि ती आम्ही नाकारत नाही. धंदा बुडवून आमच्या कथा छापा, असे कोणत्या तोंडाने सांगणार?

पण मग तसे लिहा ना. 'आमच्याकडे विक्रीची ताकद नाही' असे एक वाक्य. धोरणाचे नाव कशाला?

आम्ही बी.एड. केले तेव्हा मूल्यमापन हा अख्खा विषय घोकला. संविधान तक्ता करा, उद्दिष्टे ठरवा, कोणत्या उद्दिष्टाला किती गुण ते आधी लिहा, मग प्रश्न काढा. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आम्ही प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहायला बसलो. 'नापास' एवढे लिहून चालत नाही. पहिलीतल्या पोराच्या चित्राबद्दलही एक ओळ लिहावी लागते. दहावीच्या मुलाला फी भरली की उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता आली पाहिजे. तपासणाऱ्याचे नाव मात्र झाकून ठेवता येईल. हा केवढा शहाणा तोडगा आहे! नाव झाका, कारण दाखवा. पंधरा वर्षांच्या पोराला जो हक्क आहे तो पाच वर्षे खपून दीडशे पाने लिहिणाऱ्या माणसाला नाही. खासगी प्रकाशक कायद्याने बांधलेला नाही हे आम्हाला कळते. आम्ही कायद्याची भाषा बोलतच नाही, रीतीची बोलतो.

ही रीत मराठीत नव्हती असे कुणी म्हणू नये. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचे 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडले. तिथून साभार परत आलेल्या कथांच्या आठवणी जुने लेखक अजून सांगतात. त्या आठवणी नुसत्या कडू नाहीत. कथा कुठे सैल पडली, शेवट का पटत नाही, पुन्हा लिहून पाठवाल का, अशी पत्रे तिथून जात. दोन-दोन, तीन-तीन खर्डे लेखक करीत. ते दार अरुंद होते. कोणाचे जगणे साहित्य आणि कोणाचे नाही, याबद्दल तिथल्या चाळणीच्या भोकांचा आकार ठरलेला होता. म्हणूनच १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सोबतच्या तरुणांनी गिरगावातल्या खटाववाडीत 'सत्यकथा'चा अंक जाळला. त्यांचा राग आम्हाला समजतो. पण लक्षात घ्या, ज्याचे निकष ठाऊक आहेत त्याच्याशीच भांडता येते. ढाल्यांना कोणत्या दारासमोर उभे राहायचे ते माहीत होते. आम्ही छापील चार ओळींचा कागद कोणत्या दारासमोर जाळायचा?

दूर विलायतेतले एक उदाहरण घ्या. जॉर्ज ऑर्वेल, जन्म आपल्या बिहारातल्या मोतिहारीचा. त्याचे 'ॲनिमल फार्म' १९४४ मध्ये लंडनच्या फेबर प्रकाशनाने नाकारले. नाकारणारा कोण, तर टी. एस. एलियट. पण एलियटने पत्र लिहिले, आपले राजकीय मतभेद त्यात मांडले, सही केली. पुढच्या वर्षी पुस्तक दुसरीकडून आले आणि जगभर गेले. एलियट चुकला हे आज आपण म्हणू शकतो, कारण त्याचे कारण कागदावर आहे. पॅरिसमध्ये आंद्रे जीदने प्रूस्तची कादंबरी परत केली होती. १९१४ मध्ये त्याने प्रूस्तला पत्र लिहून ती आपली मोठी चूक होती असे कबूल केले. नकार ज्याने दिला त्याचे नाव माहीत होते, म्हणून माफीनाम्यालाही सही मिळाली. आमच्या पेन्सिलवाल्याला उद्या उपरती झाली तरी तो आम्हाला शोधणार नाही आणि आम्हाला तो सापडणार नाही.

आता 'मुस्लिम प्रश्न कुठे आहे' याकडे वळू, कारण दुखणे तिथे आहे.

मराठी प्रकाशकाच्या कपाटात मुसलमान लेखकासाठी दोन खण आहेत. एका खणावर हमीद दलवाईंचे नाव, दुसऱ्यावर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे. लेखक सुधारक असेल, आपल्या समाजावर कोरडे ओढत असेल, तर पहिल्या खणात. संतांची, दर्ग्याची, भजन-कव्वालीची, सलोख्याची गोष्ट सांगत असेल तर दुसऱ्यात. दोन्हीत बसत नसेल तर धोरणात बसत नाही. या दोन्ही थोर माणसांवरही यात अन्यायच होतो. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. मुस्लिम सत्यशोधक मंडळ त्यांनी १९७० मध्ये काढले. पण त्याआधी १९६१ मध्ये 'लाट' हा कथासंग्रह आणि १९६५ मध्ये 'इंधन' ही कादंबरी त्यांनी लिहिली होती. त्यांच्या विचारांशी आपल्यापैकी पुष्कळांचे भांडण आहे, आमचेही काही बाबतीत आहे. पण तो माणूस आधी गोष्ट सांगणारा होता. त्याचे गाव, त्यातली वैरे, वासना, जमिनी, माणसांच्या मनातली धग त्याने कादंबरीत आणली. आज 'इंधन'चे बाड नाव झाकून एखाद्या पेन्सिलीपुढे ठेवले, तर समासात काय उमटेल? आम्हाला शंका आहे.

शेख महंमद तर 'योगसंग्राम' लिहून गेले तेव्हा त्यांना कुणी 'तुमच्यात मुस्लिम काय आहे' असे विचारले असेल असे वाटत नाही. विचारलेच असेल तर उलटे विचारले असेल.

तळटिपांचे प्रकरणही तसेच. आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना 'सुलभभारती'तून मराठी शिकवतो. मुलांच्या घरात कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात मालवणी, कचेरीत मराठी. चार भाषांच्या चौकात उभी राहून ही पोरे मराठी पुस्तक उघडतात. त्यात 'सोवळे' येते, 'चित्राहुती' येते, 'उदकशांत' येते. आम्ही फळ्यावर अर्थ लिहितो, पोरे वहीत उतरवून घेतात, कोणी कुरकुरत नाही. भाषा अशीच शिकायची असते. मग 'फुफी' म्हणजे बापाची बहीण, हे सदाशिव पेठेतल्या वाचकाने एकदा शिकून घेतले तर त्याच्या डोक्यावर कोणता डोंगर कोसळणार आहे? आणि गोष्टीत ती भाच्याच्या लग्नात मानपान मागते, रुसते, पानदान आपटते. एवढ्यावरूनही आत्याबाई ओळखू येत नसेल तर तळटिपेचा उपयोग नाही. ज्याला तळटीप लागते तो परका, असा या पेन्सिलीचा हिशेब आहे. आमचे मराठी पाहुण्याचे मराठी समजले जाते.

कोणी म्हणेल, मग उर्दूत लिहा. उर्दूत काय आहे तेही सांगतो. हिंदू मालकाने छापखाना काढावा आणि त्यातून कुरआन शरीफ, उर्दू-फारसी ग्रंथ आणि हिंदूंच्या पोथ्या शेजारी शेजारी बाहेर पडाव्यात, हे लखनौत मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ पासून करून दाखवले. त्यांच्याकडे जाणकार मौलवीही होते आणि पंडितही. ज्या घरातली पोथी त्या घरातला जाणता माणूस तपासायला, एवढी साधी गोष्ट. हे झाले उर्दूचे वैभव. आताचे ऐका. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद ही केंद्र सरकारची संस्था उर्दू पुस्तकांना मदत देते, प्रती विकत घेते. २०१६ मध्ये तिने लेखकांकडून एक हमीपत्र मागितल्याचे उघड झाले. माझ्या पुस्तकात सरकारच्या धोरणांविरुद्ध किंवा देशहिताविरुद्ध काही नाही, असे लिहून द्यायचे, आणि वर दोन साक्षीदारांच्या सह्या! जमिनीच्या खरेदीखताला लागतात तसे साक्षीदार कवितासंग्रहाला. निदान तिथे निकष काय ते कागदावर आले आणि म्हणून गाजावाजा तरी झाला. मराठीत कागदच नाही.

इथवर वाचून आपल्यापैकी काहींनी मान डोलावली असेल. आता थोडे थांबा, कारण पुढचे आपल्याबद्दल आहे.

आम्ही जन्मलो त्या सुमारास, १९९० मध्ये, सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आमच्या वडीलधाऱ्या पिढीने खस्ता खाऊन हे व्यासपीठ उभे केले. आज आमच्यासारखा आडगावचा मास्तर 'आम्ही' म्हणून चार ओळी लिहितो तो त्यांच्या जिवावर. पण या काळात आपण मूल्यमापनाची कोणती रीत घातली? दलित साहित्याला गंगाधर पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' मिळाले. औरंगाबादेतून ते त्रैमासिक वर्षानुवर्षे निघत राहिले, आणि नव्या लिहिणाऱ्याला तिथे हक्काचा संपादक भेटला. 'ग्रंथाली'ने १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' छापले तेव्हा त्यामागे असे बरेच वाचणारे, सुचवणारे, खडसावणारे हात तयार झालेले होते. आपल्याकडे वर्षातून एकदा विशेषांक. त्यात कोणाचे घ्यायचे? जाहिरात मिळवून देणाऱ्याचे, संमेलनाला आलेल्याचे, नाही घेतले तर रुसेल त्याचे. आणि पुस्तक? इतके हजार भरा, इतक्या प्रती घरी न्या. पैसे भरणाऱ्याचे बाड कोणी वाचतच नाही, मग परत कोण करणार? २०१० च्या यूजीसी नियमावलीने प्राध्यापकांच्या पुस्तकांना बढतीचे गुण लावले आणि या धंद्याला भरती आली. आपल्यातले शिकलेलेही त्या रांगेत होते. प्रस्थापित प्रकाशक न वाचता नाकारतो, आपण न वाचता छापतो. लिहिणाऱ्याच्या पदरात दोन्हीकडून सारखेच पडते. कोणीतरी वाचले, ही गोष्ट त्याला मिळत नाही.

आणि आमचे स्वतःचे? तीन वर्षांमागे एका छोट्या वार्षिकाच्या कविता निवडायचे काम आमच्याकडे आले होते. चाळीसेक कविता. अकरा निवडल्या, बाकीच्या टेबलाच्या खणात टाकल्या. कोणालाही एक ओळ कळवली नाही. वेळ नव्हता. शिवाय काय लिहायचे हा संकोच. त्या खणात आमच्याच शाळेतून शिकून गेलेल्या एका मुलीच्या तीन कविता होत्या. एक तिच्या दादीच्या पानाच्या डब्यावरची होती, कच्ची होती, पण तिच्यात एक ओळ अशी होती की आम्ही ती वाचून खिडकीबाहेर पाहत राहिलो होतो. हे तिला कळवायला हवे होते. गेल्या वर्षी ती एस.टी. स्टँडवर भेटली, कडेवर मूल होते. "काय लिहितेस सध्या?" आम्ही सहज विचारले. म्हणाली, "सर, ते तुम्हाला आवडलं नव्हतं ना, मग सोडलं."

आमचे बाड परत आले ते यानंतर. पेन्सिलीचा राग येत होता तेव्हा हा आवाजही कानात होता, हे लपवून हा लेख लिहिता आला असता.

आम्ही मागतो ते फार नाही. पानभर अभिप्राय द्या. कोणी वाचले त्याचे नाव झाका, पण किती पाने वाचली ते लिहा. नाकारण्याचे कारण भाषेचे, रचनेचे, विषयाचे की विक्रीचे, ते लिहा. ज्या घराची गोष्ट आहे त्या घराची ओळख असणारा एक तरी वाचक जोडीला घ्या, आणि तो मुसलमानच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. शेजारी राहिलेला असला तरी पुरे. सहा महिन्यांत कळवा. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेसारखी जी दारे लोकांच्या पैशावर उघडी आहेत, तिथे तर अभिप्रायाची प्रत लेखकाचा हक्क मानली पाहिजे. आणि आपल्या वार्षिकांनी, यासकट, पुढच्या अंकापासून साभार परत करायला शिकावे. कारणासकट.

त्या मुलीला आम्ही दीड पान लिहिले. कोणती ओळ आवडली, बाकीची कविता त्या ओळीपाशी का पोहोचत नाही, कोणते दोन शब्द उगाच उर्दूतून ओढून आणले आहेत. तीन वर्षे उशिराने. उत्तर अजून आलेले नाही. आमचे बाड आता दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले आहे. समासातली पेन्सिल आम्ही खोडली नाही. तशीच पाठवली, त्रेचाळिसाव्या पानावर एक चिठ्ठी लावून, की आपण कृपया इथून पुढे वाचावे.